बांबोळीची जागा, जॉर्जियाचा एजंट आणि रात्रीचे सिझेरियन

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे. कुटुंब गोव्यात, तालुक्याच्या गावात राहते. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, जागा फारच कमी असल्याचे सगळे सांगतात आणि एक एजंट जॉर्जियाला पाठवा म्हणतो. शिवाय, गोव्यात दरवर्षी इतके डॉक्टर तयार होतात तर आमच्या आरोग्य केंद्रात रात्री सिझेरियन का होत नाही?

आधी ‘जागा कमी’ या समजुतीचा हिशेब करू. आर्थिक दुर्बल घटकांचा कोटा आला तेव्हा, २०१९ मध्ये, गोमेकॉच्या एमबीबीएसच्या जागा १५० वरून १८० झाल्या. पुढचे आकडे १८० वर काढले आहेत; चालू वर्षाचा आकडा माहितीपुस्तिकेतून घ्या आणि हीच रीत लावा. १५ टक्के, म्हणजे २७ जागा, अखिल भारतीय कोट्यात जातात. उरतात १५३. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती. म्हणजे साधारण साडेनऊ हजार माणसांमागे एक सरकारी जागा. देशात २०२४-२५ मध्ये एमबीबीएसच्या सुमारे १.१८ लाख जागा होत्या, त्यांतल्या निम्म्याहून थोड्या जास्त सरकारी. १४० कोटींना भागले तर २२-२३ हजार माणसांमागे एक सरकारी जागा पडते. गोव्यातल्या मुलीला सरकारी जागा मिळण्याची संधी देशाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे. खासगी कॉलेजच गोव्यात नाही, त्यामुळे गुण थोडक्यात कमी पडले तर पैसे भरून घरच्याघरी शिकण्याची सोय नाही, हा भाग मात्र खरा. ‘जागा नाहीत’ असे वाटते ते त्यामुळे.

तेव्हा पहिले काम म्हणजे त्या १५३ जागांच्या यादीत मुलीचे नाव नीट लागेल याची तजवीज. जागा हुकते ती बहुतेक वेळा कागदांवर.

राज्य कोट्याचे प्रवेश पर्वरीचे तंत्रशिक्षण संचालनालय करते. ‘नीट’ या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेत पात्र झाले की नाव आपोआप गोव्याच्या यादीत जाते, असा समज अजूनही आढळतो. तसे होत नाही; संचालनालयाकडे वेगळा अर्ज, वेगळी मुदत, वेगळी कागदपत्रे. मुख्य निकष आहे गोव्यातले सलग दहा वर्षांचे वास्तव्य. इथे मोठा गोंधळ होतो, कारण सरकारी नोकरीसाठी मामलेदाराकडून जो दाखला काढतात तो पंधरा वर्षांचा असतो. दोन्ही वेगळे. प्रवेशासाठी माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यातला दाखला लागतो. घरात दादाने नोकरीसाठी काढलेला नमुना बघून अर्ज केला तर परत फेऱ्या घालाव्या लागतात. दहावी संपली की दाखल्याच्या मागे लागा. निकालानंतर मामलेदार कचेरीत काय गर्दी असते ते वेगळे सांगायला नको.

‘सलग’ या शब्दाकडे लक्ष द्या. अकरावी-बारावीसाठी मुलांना राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा पुण्याला क्लासला पाठवायचे आणि नाव तिथल्याच एखाद्या कॉलेजात नुसते हजेरीपुरते घालायचे, ही पद्धत गोव्यातही रुजली आहे. त्यातून दुहेरी तोटा होतो. गोव्यातल्या सलग वास्तव्यावर प्रश्न उभा राहतो, आणि तिकडच्या राज्यातही हक्क मिळत नाही. महाराष्ट्राच्या राज्य कोट्याला सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, वर अधिवास. कर्नाटकाला सात वर्षांचे शिक्षण तिथले लागते. ‘आमचे मूळ घर सावंतवाडीकडे, आजोबांचे नाव सातबाऱ्यावर आहे’ हे ओरोसच्या सरकारी कॉलेजच्या राज्य कोट्यासाठी चालत नाही. क्लास लावायचाच असेल तर ऑनलाइन लावा किंवा बारावी गोव्यातून करून मग एक वर्ष बाहेर काढा. तेव्हाही घरचा पत्ता, रेशनकार्ड, आधार हलवू नका.

आता आरक्षण. राज्य कोट्यात अनुसूचित जमातींना १२ टक्के, इतर मागासवर्गीयांना २७, अनुसूचित जातींना २ आणि आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के. गावडा, कुणबी आणि वेळीप २००३ पासून अनुसूचित जमातींत आहेत. धनगर गवळी अजून इतर मागासवर्गात. पण अखिल भारतीय कोट्याला राज्याची इतर मागासवर्गाची यादी चालत नाही, केंद्राची यादी लागते. एखादी जात राज्याच्या यादीत असून केंद्राच्या यादीत नसेल तर नीटच्या अर्जात तो वर्ग भरू नये. भरला आणि केंद्राच्या नमुन्यातला चालू आर्थिक वर्षाचा नॉन क्रीमी लेयर दाखला देता आला नाही, तर मिळालेली जागा पडताळणीत जाते.

आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्यात उत्पन्नाची मर्यादा आठ लाख एवढेच लोक लक्षात ठेवतात. मालमत्तेच्या अटीही आहेत: पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन नसावी, हजार चौरस फूट किंवा त्याहून मोठा फ्लॅट नसावा. गोव्यात याचे वेगळेच दुखणे आहे. कुळागर (माड-पोफळींची बाग) पणजोबांच्या नावावर, वाटण्या झालेल्या नाहीत, आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबाराच तो) बारा नावे. तुमचा प्रत्यक्ष हिस्सा दीड एकर असेल, पण उताऱ्यावर आठ एकर दिसते. मामलेदार कचेरीत कारकून उतारा बघतो, हिस्सा बघत नाही. म्हणून सहहिस्सेदार किती आणि आपला वाटा किती, हे दाखवणारे कागद (वारसापत्र, वाटणीचे कागद असतील तर तेही) अर्जासोबतच द्या. हे एका महिन्यात उरकत नाही. उलट नॉन क्रीमी लेयरच्या आठ लाखांत पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत, आर्थिक दुर्बल घटकात दोन्ही धरतात. पुष्कळ पालक हा फरक न कळल्याने आपला हक्क सोडून देतात.

पोर्तुगीज पासपोर्टचा प्रश्न गोव्याबाहेर कुणाला पडत नाही, पण इथे पडतो. मुलाने पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे) काढले असेल, तर ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ते प्रवेशाच्या बाबतीत अनिवासी भारतीयांच्या रांगेत जाते आणि सर्वसाधारण जागेवर हक्क उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ही अधिसूचना पुढच्या काळासाठीच लागू ठेवली. ४ मार्च २०२१ च्या आधी कार्ड काढलेल्यांचे जुने हक्क राहिले. तेव्हा कार्डावरची तारीख बघा. वडिलांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे आणि मुलगी भारतीय नागरिक आहे, तर हा निर्बंध तिला नाही. पण बारावीच्या तोंडावर तिची जन्मनोंदणी लिस्बनला करायला, म्हणजे पोर्तुगीज नागरिकत्व घ्यायला, निघाला असाल तर थांबा, आधी वकिलाला विचारा.

आणखी एक छोटी गोष्ट भाषेची. नीट मराठीत देता येते हे खरे, पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. गोव्यातल्या केंद्रावर बसणाऱ्या मुलीने ती मिळेल असे धरून चालू नये. तसा गोव्यात याचा फार अडसर येत नाही: चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी, हा क्रम पुष्कळांचा. अर्थाबद्दल वाद झाला तर इंग्रजी प्रश्नच ग्राह्य धरतात.

गुणांविषयी. ‘५०० पडले तर मिळेल का?’ या प्रश्नाला उत्तर नसते, कारण पेपर दरवर्षी वेगळा. २०२४ च्या सुधारित निकालातही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६. गुण बघू नका, देशातला क्रमांक बघा, आणि त्याहून महत्त्वाचा गोव्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या वर्गातली शेवटची जागा कितव्या क्रमांकाला गेली, याच्याशी ताडून बघा. राज्य कोट्याची यादी अखिल भारतीय कोट्यापेक्षा बरीच खाली उतरते, म्हणून अखिल भारतीय फेरीत बांबोळी हुकली तरी हातपाय गाळायचे कारण नाही. आणि ‘पात्र’ या शब्दाने हुरळून जाऊ नका. २०२५ मध्ये सर्वसाधारण वर्गाची पात्रता १४४ गुणांवर होती. परीक्षा दिलेल्या २२ लाखांतले १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. म्हणजे एका जागेमागे दहाएक पात्र मुले. एजंट ज्याला ‘नीट पास’ म्हणतो तो हाच दाखला. त्याला तेवढाच पुरतो, कारण परदेशी जायला पात्रता लागते, क्रमांक लागत नाही.

फेऱ्यांचा खेळ समजून घ्या, कारण चांगल्या गुणांची मुलेही इथे अडकतात. दिल्लीच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे अखिल भारतीय कोटा आणि सगळी अभिमत विद्यापीठे आहेत. बेळगावचे जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजही त्यातच येते. सरकारी कोट्यासाठी सर्वसाधारण वर्गाला नोंदणी १,००० रुपये आणि अनामत १०,०००. अभिमतसाठी ५,००० आणि अनामत दोन लाख. पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेतली तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या फेरीत न घेतली तर अनामत जाते. तिसऱ्या फेरीत घेतली की सोडता येत नाही, आणि राज्याच्या फेरीतूनही नाव वगळले जाते. नेमके इथेच घबराटीत चूक होते: गोव्याच्या पुढच्या फेरीत नाव लागण्याची रास्त आशा असताना तिसऱ्या फेरीत वीसेक लाख वर्षाला असलेली अभिमत जागा घेऊन बसायचे आणि मग बांबोळीची जागा डोळ्यांसमोर खालच्या क्रमांकाला जाताना बघायची. शेवटच्या, उरलेल्या जागांच्या फेरीत नाव लागून प्रवेश न घेतला तर पुढच्या वर्षाच्या नीटवरही बंदी येते. ज्या कॉलेजात जायचेच नाही ते पर्यायात भरू नये, एवढे पथ्य पाळा.

आता जॉर्जिया. परदेशात शिकू नये असे माझे म्हणणे नाही. पण पैसे भरण्याआधी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या १८ नोव्हेंबर २०२१ च्या नियमांवर प्रत्येक कॉलेज घासून बघा. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत, माध्यम इंग्रजी, आणि सुरुवातीपासून दहा वर्षांच्या आत सगळे पूर्ण. सर्वांत दुर्लक्षित अट पुढची आहे: त्या पदवीवर त्या देशात, तिथल्या नागरिकासारखाच, डॉक्टरकीचा परवाना मिळाला पाहिजे. पुष्कळ देशांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळा, आखूड किंवा स्थानिक परवान्याकडे न नेणारा अभ्यासक्रम चालतो. कागदावर एमडी, पण त्या देशात रुग्ण तपासता येत नाही. मग भारतातही नाही. एजंटाकडून ‘मान्यताप्राप्त’ असे छापलेले पत्रक घेऊ नका. त्या देशाच्या परवाना देणाऱ्या संस्थेचे आणि कॉलेजचे लेखी उत्तर घ्या, त्यात महिन्यांचा हिशेब, इंटर्नशिपची जागा आणि परवान्याची अट स्पष्ट असू दे.

परतल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशी पदवीवाल्यांना भारतात द्यावी लागणारी परीक्षा. ३०० पैकी १५० हवेत, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, वर्षातून दोनदा होते. सोपी वाटते, तरी दर खेपेला बसणाऱ्यांतले बहुसंख्य नापास होतात. जून २०२५ ला उत्तीर्णांचे प्रमाण २० टक्क्यांच्याही खाली होते. कारण बुद्धीचे नाही. तिकडे इंग्रजीत व्याख्यान होते, पण वॉर्डातला रुग्ण जॉर्जियन किंवा रशियन बोलतो. मुलगी पाच वर्षे रुग्णाच्या तोंडून हकिकत न ऐकता शिकते. पुढे भारतात आणखी एक वर्ष इंटर्नशिप, तीही मर्यादित जागांवर: कॉलेजच्या मंजूर जागांच्या साडेसात टक्के. १८० ला ते तेरा-चौदा होतात. एजंटाच्या ‘सहा वर्षांत डॉक्टर’ या हिशेबात एफएमजीईची तयारी, दुसरा-तिसरा प्रयत्न, रांग आणि इंटर्नशिप धरलेली नसते. आठ वर्षे आणि तेवढ्या काळाचे कर्जाचे व्याज धरा, मग ठरवा.

माझे मत विचाराल तर, मुलीचा क्रमांक गोव्याच्या शेवटच्या जागेच्या आसपास आला असेल तर एक वर्ष पुन्हा बसावे. प्रयत्नांना मर्यादा नाही. क्रमांक फारच दूर असेल तर दुसरे वर्ष वाया घालवण्यापेक्षा बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयाच्या ५० जागा, शिरोड्याचे आयुर्वेद आणि होमिओपॅथी महाविद्यालय, धारगळची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था, किंवा बांबोळीचे नर्सिंग यांचा मनापासून विचार करा. आयुर्वेदाला पुढे कसला तरी छोटा कोर्स करून एमबीबीएस होता येते, ही अफवा आहे. त्या आशेने जाऊ नका.

उरला तुमचा शेवटचा प्रश्न, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

डॉक्टर घडवून बाहेर पाठवणे हे गोव्याचे जुनेच काम. १८४२ मध्ये पणजीत सुरू झालेली वैद्यकीय शाळा आशियातल्या सर्वांत जुन्यांपैकी. तिथून शिकलेले गोमंतकीय पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत पसरले. आजही एमबीबीएस झालेल्यांची वानवा नाही. आरोग्य केंद्रात रात्री लागतो तो विशेषज्ञ, आणि तो एमबीबीएसच्या जागा वाढवून लगेच मिळत नाही. बारावीनंतर साडेपाच वर्षे एमबीबीएस, बहुधा एक वर्ष नीट पीजीच्या तयारीत, मग तीन वर्षे एमडी किंवा एमएस. आज वाढवलेल्या जागेवरचा भूलतज्ज्ञ साडेनऊ वर्षांनी कामावर येतो, तोही भूलशास्त्रच निवडले तर.

समजा, स्त्रीरोगतज्ज्ञ मिळाली. सिझेरियनला तिच्याबरोबर भूलतज्ज्ञ, बाळासाठी बालरोगतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृहातली सराईत नर्स आणि जवळ रक्तसाठा लागतो. आठवड्याचे तास १६८. एका माणसाची ड्यूटी ४८ तास धरली तर एका खुर्चीला साडेतीन माणसे लागतात, रजा धरून चार. तीन विशेषज्ञांच्या खुर्च्यांना बारा. सामुदायिक आरोग्य केंद्र असते तीस खाटांचे. तिथे एक स्त्रीरोगतज्ज्ञ नेमून ‘पद भरले’ म्हणता येते, पण रात्री दोन वाजता ते पद झोपलेले असते आणि भूल द्यायला कुणीच नसते. शिवाय प्रसूती कमी असल्या की हात बसत नाही, हात बसत नाही म्हणून लोक थेट बांबोळी गाठतात, आणि आकडा आणखी घसरतो.

नेमणुकीची अडचण वेगळी. लोकसेवा आयोगाच्या कायम पदाला पंधरा वर्षांचे वास्तव्य आणि कोंकणीचे ज्ञान लागते. योग्य उमेदवार नसेल तर अटी शिथिल होतात, पण त्यात वेळ जातो. मधल्या काळात कंत्राटी नेमणुका. कंत्राटावर आलेला भूलतज्ज्ञ खासगी रुग्णालयाच्या एका फोनवर निघून जातो, यात त्याला दोष देता येत नाही.

पदव्युत्तर जागांवर गोमंतकीयांचा हक्क अधिवासावरून सांगण्याची वाटही आता बंद झाली. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात अधिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले. त्याच संस्थेतून एमबीबीएस झालेल्यांना वाजवी प्रमाणात प्राधान्य देता येते. म्हणजे बाहेरून एमबीबीएस करून आलेल्या गोव्याच्या मुलीला बांबोळीत एमडीसाठी वेगळी सवलत मागता येणार नाही. तुमच्या मुलीसाठी बांबोळीची एमबीबीएसची जागा एवढ्यासाठीही मोलाची.

दक्षिण गोव्यात नवे कॉलेज काढा, ही मागणी अधूनमधून होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांत राज्याच्या दहा लाख लोकसंख्येमागे १०० जागांचे प्रमाण घातले होते. पुढे ते स्थगित ठेवले. ते पुन्हा लागू झाले तर १४.५८ लाखांचा गोवा १८० जागांवरच मर्यादेबाहेर आहे. माझ्या मते त्या पैशातून म्हापसा, मडगाव आणि फोंड्याच्या रुग्णालयांत दोन वर्षांचे डिप्लोमाचे वर्ग भरवणे जास्त उपयोगाचे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचे हे डिप्लोमे भूलशास्त्र, स्त्रीरोग, बालरोग यांतही आहेत आणि एमबीबीएसनंतर थेट करता येतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांची तीन महिन्यांची जिल्हा निवासी नेमणूक आहेच, पण ती जिल्हा रुग्णालयापर्यंतच पोहोचते आणि तीन महिन्यांत माणूस परत जातो.

तालुक्याच्या केंद्रात मात्र एमबीबीएस डॉक्टर पक्का तयार हवा. प्रसूतीनंतर मिनिटभरात ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत. झटके आलेल्या गरोदर बाईला पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेट १० ग्रॅम, दोन्ही नितंबांत पाच-पाच. शिरेत सुई लावलेली, रक्तगट लिहिलेला, आणि १०८ निघण्याआधी पुढच्या रुग्णालयाला फोन झालेला. काणकोणहून मडगाव सुमारे चाळीस किलोमीटर, मध्ये करमल घाट. रस्त्यातली वेळ कमी करता येत नसली तरी दारात पोहोचल्यावरचा अर्धा तास वाचतो. तुमच्या केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत विचारायचेच असेल तर ‘विशेषज्ञ आहे का’ असे विचारू नका. गेल्या सहा महिन्यांत रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेत किती बाळंतिणी पुढे पाठवल्या, निघायला किती मिनिटे लागली आणि मॅग्नेशियमच्या कुप्यांची मुदत कधी संपते, ते विचारा.